ताबारेषा ओलांडणारे दिवे

पांगोंगच्या काठावरचा पहारा

२०१२ च्या ऑगस्टपासून पूर्व लडाखमधल्या चौक्यांवरून एकाच तऱ्हेचे अहवाल वर जाऊ लागले. पांगोंग सरोवराजवळच्या ठाकुंग चौकीवर भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान रात्रीचा पहारा देतात. त्यांना पूर्वेच्या डोंगरांमागून, म्हणजे चीनच्या ताब्यातल्या प्रदेशाच्या बाजूने, पिवळसर गोळे वर येताना दिसत होते. हे गोळे तीन ते पाच तास संथपणे आकाशातून सरकत आणि मग दिसेनासे होत. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर एवढ्या काळात अशा शंभराहून अधिक नोंदी झाल्याचं तेव्हा वृत्तपत्रांत आलं. लष्कराच्या तुकड्यांनाही तेच दिसत होतं, आणि लडाखची जबाबदारी सांभाळणाऱ्या चौदाव्या कोअरमार्फत हे अहवाल दिल्लीपर्यंत पोहोचले. पुढे फेब्रुवारी २०१३ पर्यंत नोंदींचा आकडा ३२९ वर गेला. त्यातल्या १५५ वेळा या वस्तूंनी भारत आणि चीन यांच्यातली प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडली, असं लष्कराच्या दप्तरी लागलं.

हे आकडे वाचताना ती जागा डोळ्यांसमोर आणायला हवी. पांगोंगचं पाणी समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटरवर आहे. भोवती झाड नाही, गावाचा उजेड नाही, आणि सरोवराचा मोठा भाग पलीकडे चीनच्या हद्दीत जातो. ताबारेषा जमिनीवर आखलेली नाही, दोन्ही बाजूंची तिच्याविषयीची समजूत वेगळी आहे, आणि पलीकडून टेहळणीसाठी ड्रोन येऊ शकतात हे जवानांना पक्कं माहीत आहे. एप्रिल २०१३ मध्ये याच लडाखच्या उत्तर टोकाला, देपसांगमध्ये, चिनी सैनिकांनी आत येऊन तंबू ठोकले आणि तीन आठवडे दोन सैन्यं समोरासमोर उभी राहिली. अशा ठिकाणी आकाशातला अनोळखी उजेड पाहून गप्प बसणारा पहारेकरी कामचुकार ठरला असता. ज्याने तो नोंदवला त्याने आपलं काम केलं.

लष्कराने शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं, आणि २०१३ च्या जुलैमध्ये उत्तर जाहीर झालं: एक उजेड गुरूचा, दुसरा शुक्राचा. देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी ही बातमी गमतीची म्हणून छापली. सैन्य ग्रहांना घाबरलं, असा तिचा सूर होता. तो सूर अन्यायाचा होताच, शिवाय घातकही होता. लडाखमध्ये जे घडलं तो अनोळखी दिव्यांच्या लष्करी तपासाच्या इतिहासातला एक चांगला तपास आहे. सैन्याने पाहिलं, लिहून ठेवलं, उपकरणं लावली आणि उत्तर सापडेना तेव्हा दुसऱ्या विद्येच्या माणसांना विचारलं. यातून शिकायचं ते एवढंच की असं कोडं महागड्या यंत्राने सुटतंच असं नाही. नोंद कशाच्या संदर्भात केली आहे, यावर ते सुटणं अवलंबून असतं.

रडारला जे दिसलं नाही

आधी लष्कराने काय केलं ते पाहू. सरोवराजवळच्या एका उंच डोंगरावर फिरतं रडार आणि रेडिओलहरी टिपणारं यंत्र नेऊन बसवलं. जवानांना डोळ्यांनी उजेड दिसत होता, पण त्या दिशेला रोखलेल्या रडारवर काहीच उमटत नव्हतं. रेडिओ यंत्रालाही त्या बाजूने कसलाच संकेत मिळाला नाही. मग टेहळणीचं ड्रोन त्या उजेडाच्या रोखाने सोडलं. ते त्याच्या कमाल उंचीपर्यंत चढलं, तरी तो गोळा जवळ आला नाही, आणि शेवटी नजरेआडही झाला. बातम्यांतून तेव्हा निष्कर्ष आला की ही वस्तू धातूची नसावी.

हा निष्कर्ष कसा काढला गेला हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण अशा तपासात घसरायची पहिली जागा हीच असते. रडार आपण पाठवलेली लहर एखाद्या वस्तूवर आदळून परत आली तरच काही दाखवतं. लहर परत आली नाही, तर तीन गोष्टी शक्य असतात: वस्तू लहर नीट परतवत नाही, ती डोंगराच्या आड आहे, किंवा ती रडारच्या पल्ल्याच्या पार पलीकडे आहे. पहिल्या दोन शक्यता सीमेवर बसलेल्या मनाला सहज सुचतात, कारण त्यात वस्तू जवळच असते. तिसरी सुचत नाही. रेडिओ यंत्राचंही तसंच. दूरवरून चालवलेलं ड्रोन आपल्या चालकाशी बोलत असतं, आणि तो संवाद पकडण्यासाठीच ते यंत्र होतं. संवाद सापडला नाही याचा सरळ अर्थ असा की तिथे बहुधा ड्रोन नाही. आपलं ड्रोन कितीही वर गेलं तरी उजेड तसाच लांब राहिला, याचाही अर्थ तोच. रडार, रेडिओ यंत्र आणि ड्रोन हे तिन्ही साक्षीदार वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते की ही गोष्ट तुमच्या कल्पनेपेक्षा फार दूर आहे. त्यांचं म्हणणं एकत्र मांडून वाचणारं मात्र कोणी नव्हतं.

रडारमुळे याच्या उलट फसगत झाल्याचंही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधल्या थुले तळावर अमेरिकेने नव्याने उभारलेल्या क्षेपणास्त्र-इशारा रडारने मोठ्या हल्ल्याची सूचना दिली. नॉर्वेच्या दिशेला चंद्र उगवत होता, आणि इतक्या ताकदीच्या रडारची लहर चंद्रावर आदळून परत येत होती. पावणेचार लाख किलोमीटर जाऊन-येऊन त्या लहरीला सुमारे अडीच सेकंद लागत होते. यंत्राच्या गणितात एवढ्या लांबच्या वस्तूची सोयच नव्हती. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनासाठी आलेले होते, ही बाब इशारा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना हल्ल्याविषयी शंका घ्यायला पुरेशी ठरली. थुलेच्या रडारला जे दिसलं ते खरंच तिथे होतं. पांगोंगच्या रडारला दिसलं नाही, कारण त्याच्या पल्ल्यात खरंच काही नव्हतं. दोन्ही यंत्रांनी प्रामाणिकपणे काम केलं. वाचणाऱ्याने अंतराचा प्रश्न सर्वांत आधी विचारला की नाही, यावर सगळं ठरलं.

डोंगराची धार आणि ताऱ्यांची चौकट

पांगोंगपासून दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटरवर हानले आहे. तिथे साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे आणि दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. तपासात या वेधशाळेची मदत झाली. खगोलशास्त्रज्ञांपुढचा प्रश्न एका ओळीचा होता: ही वस्तू आकाशातली आहे की पृथ्वीजवळची? त्यासाठी त्यांनी उजेडाची जागा डोंगराच्या धारेवरून न मोजता मागच्या ताऱ्यांवरून मोजायची पद्धत धरली.

हा फरक मोठा आहे. पहारेकऱ्याच्या डोळ्यासमोर डोंगराची धार असते. त्या धारेपासून उजेड किती वर आला, कुठल्या शिखराकडे सरकला, हे तो पाहतो. त्या मोजमापाने आकाशातली प्रत्येक गोष्ट हलतेच, कारण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. तीन ते पाच तासांत पंचेचाळीस ते पंचाहत्तर अंश, म्हणजे जवानांनी सांगितलेलाच तो संथ प्रवास. ताऱ्यांच्या चौकटीत पाहिलं तर चित्र पालटतं. ड्रोन, फुगा, विमान यांपैकी काहीही असेल तर ते तारे मागे टाकत जाईल. ग्रह असेल तर रात्रभर त्याच ताऱ्यांच्या शेजारी राहील, आणि दिवसागणिक अगदी थोडा सरकेल. हे उजेड ताऱ्यांसोबत चालत होते, आणि ते दिवसागणिक जसे सरकत होते ती चाल गुरू आणि शुक्र यांचीच होती.

त्या वर्षीचं आकाश आठवलं तर जवानांची नोंद किती चोख होती ते कळतं. १५ ऑगस्ट २०१२ च्या सुमारास शुक्र पहाटेच्या आकाशात सूर्यापासून जास्तीत जास्त लांब होता. गुरू वृषभ राशीत होता आणि मध्यरात्रीनंतर उगवत होता. ऑगस्टच्या मध्यावर लडाखमध्ये गुरू उगवल्यापासून उजाडेपर्यंत सुमारे पाच तास जात आणि शुक्र उगवल्यापासून सुमारे तीन. नोंदवहीतले ‘तीन ते पाच तास’ हेच. पुढे गुरू रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवू लागला, महिन्याला दोन तास. ३ डिसेंबरला त्याची प्रतियुती झाली, म्हणजे सूर्य मावळला की तो उगवणार आणि रात्रभर दिसणार. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास येते आणि पहाटे पाचपर्यंत राहते, दुसरी पहाटे चारला येऊन सकाळी अकराच्या सुमारास विरते, असं नंतरच्या नोंदींचं वर्णन होतं. सकाळी अकरापर्यंत दिसणारा दिवा हे वाचून कुणाला अशक्य वाटेल. पण त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्केच असतो, धूळ आणि बाष्प कमी असतं, आणि नेमकी जागा माहीत असेल तर शुक्र दिवसाउजेडीही दिसतो. रात्रभर त्यावर नजर ठेवून बसलेल्या माणसाला ती जागा माहीत असणारच.

आणि दिशा? सीमा पूर्वेला आहे, म्हणून प्रत्येक तारा, प्रत्येक ग्रह आणि स्वतः सूर्य-चंद्रही चीनच्या बाजूनेच उगवतात आणि ताबारेषा ओलांडून भारताकडे येतात. गुजरातच्या किंवा राजस्थानच्या सीमेवर हेच ग्रह आपल्याकडून पलीकडे जाताना दिसले असते, आणि बहुधा कुणी ते लिहून ठेवले नसते. क्षितिजालगत प्रकाश जास्त हवेतून येतो, म्हणून पिवळा-तांबूस दिसतो आणि थरथरतो. शिवाय काळोखात एकाच ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं की तो स्थिर असूनही हलल्यासारखा वाटतो. थंडीत तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला हे सगळं एकत्र भेटतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. सप्टेंबर २०१२ मध्येही खगोलशास्त्रज्ञांनी या उजेडांचा माग घेतला होता, आणि तेव्हा ते ग्रह-तारे नसल्याचं मत दिल्याचं बातम्यांत आलं होतं. मग नंतरचं उत्तर खरं कशावरून? मला यात विरोधापेक्षा पद्धतीचा धडा दिसतो. काही रात्रींच्या पाहणीत एखाद्या उजेडाविषयी मत होऊ शकतं, पण त्यावरून सहा महिन्यांच्या शेकडो नोंदींचा अर्थ लागत नाही. त्यासाठी वेळा, दिशा आणि ताऱ्यांच्या संदर्भातली जागा महिनोन्‌महिने लिहिलेली लागते. रोज चार मिनिटं लवकर येणारी वस्तू घड्याळ लावून ड्यूटीवर येणाऱ्या चालकाची नसते, आणि ही गोष्ट एका रात्रीत कळत नाही, हंगामभरात कळते. नंतरचं उत्तर त्या हंगामभराच्या नोंदींवर उभं आहे, म्हणून ते जास्त वजनाचं.

शुक्रावर ढकललेली प्रकरणं

दुसरा आक्षेप याहून जुना आणि रास्त आहे. काहीही उत्तर सापडलं नाही की ‘शुक्र असेल’ असं म्हणून फाईल बंद करायची, अशी सैन्यांची सवयच नाही का? आहे, आणि तिने मोठं नुकसान केलं आहे. ७ जानेवारी १९४८ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कॅप्टन थॉमस मँटेल हा वैमानिक एका मोठ्या चकाकत्या वस्तूच्या मागे आपलं मस्टँग विमान घेऊन वर वर गेला आणि विमान कोसळून मृत्युमुखी पडला. हवाई दलाने आधी सांगितलं, तो शुक्र होता. भरदुपारी तेजस्वी आकाशात शुक्र इतका ठळक आणि मोठा दिसणं शक्य नाही, म्हणून हा खुलासा लोकांना पटला नाही आणि ते बरोबरच होते. संशोधनासाठी सोडलेला स्कायहूक जातीचा प्रचंड फुगा हा त्याचा जास्त संभाव्य खुलासा, पण ते फुग्यांचं काम तेव्हा गुप्त असल्याने तपास करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. १९६६ मध्ये मिशिगनमधल्या दिव्यांबद्दल हवाई दलाचे सल्लागार जे. ॲलन हायनेक यांनी दलदलीतल्या वायूचं कारण पुढे केलं तेव्हाही देशभर टीका झाली. अमेरिकी हवाई दलाचा ‘ब्लू बुक’ प्रकल्प १९५२ ते १९६९ चालला. त्याच्या हिशेबातल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ शेवटपर्यंत अनोळखी राहिल्या. लोकांचा विश्वास गमावला गेला तो या ७०१ मुळे नाही. ज्यांचा खुलासा झाला म्हणून सांगितलं, त्यांतले काही खुलासे मोजमापाशिवाय दिलेले होते, म्हणून तो गेला.

मँटेलचा शुक्र आणि पांगोंगचा शुक्र यांत फरक आहे तो इथेच. पहिला प्रश्न मिटवण्यासाठी बोलावलेला होता. दुसरा वेळ, दिशा, कालावधी आणि ताऱ्यांतली जागा जुळवल्यावर सापडलेला होता, आणि कुणालाही त्या रात्रींचं आकाश गणिताने पुन्हा मांडून तपासता येतो. ज्याला खोटं पाडायची वाट मोकळी ठेवलेली आहे तोच खुलासा म्हणायचा. म्हणून एखादं प्रकरण सुटलं नाही तर ‘ओळख पटली नाही’ असं लिहून ठेवणं हे कुठल्याही सैन्याला कमीपणाचं नाही. त्या शब्दांत परग्रहावरच्या पाहुण्यांची कबुली नसते आणि शत्रूच्या गुप्त यंत्राचीही नसते. नोंदीत उत्तराइतकी माहिती नव्हती, एवढंच ते सांगतात.

फुगा खरा निघाला तेव्हा

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. बहुतेक दिवे ग्रह निघतात असं जवानांना शिकवलं, तर उद्या खरं ड्रोन येईल आणि ते शुक्र समजून सोडून देतील. भीती पोकळ नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनचा एक मोठा फुगा अमेरिकेच्या आकाशातून दिवसचे दिवस गेला आणि ४ तारखेला साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याबाहेर तो पाडण्यात आला. त्यानंतर उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण यंत्रणेने, संथ आणि लहान वस्तू गाळून टाकणाऱ्या रडारच्या चाळण्या सैल केल्या. लगेच १०, ११ आणि १२ फेब्रुवारीला आणखी तीन वस्तू क्षेपणास्त्रांनी पाडल्या गेल्या. त्या खाजगी किंवा संशोधनासाठी सोडलेले फुगे असण्याची शक्यता जास्त, असं खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी काही दिवसांत सांगितलं. म्हणजे चाळणी घट्ट ठेवली तर खरा हेर निसटतो, आणि सैल केली तर निरुपद्रवी फुग्यावर लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र खर्च होतं. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्यावर उड्डाणं काही तास थांबवली गेली आणि हवाई दलाने शोधासाठी राफेल विमानं पाठवली. हाती काही लागलं नाही. तरीही विमानं पाठवणं चुकीचं होतं असं म्हणता येत नाही.

नेमक्या याच कारणासाठी आकाशाची ओळख हवी. जो पहारेकरी शुक्र कुठे उगवतो हे जाणतो, त्यालाच शुक्राशेजारचा नसावा तो उजेड खुपतो. ज्याला सगळेच दिवे अनोळखी, त्याला त्यातला परका ओळखता येत नाही. १९५३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने बोलावलेल्या रॉबर्टसन समितीची काळजी हीच होती: निरर्थक अहवालांनी संपर्काच्या वाटा तुंबल्या तर खरा इशारा त्यात हरवेल. समितीने सुचवलेला उपाय लोकांचं कुतूहल थंड करण्याकडे झुकला, आणि तिथे ती चुकली. अहवाल कमी करायची गरज नव्हती. आलेला अहवाल लवकर छाननीतून पार पडावा, यासाठी तो नीट लिहिला जाणं गरजेचं होतं.

महाराष्ट्राने याचा अनुभव जवळून घेतला आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भासह राज्याच्या मोठ्या पट्ट्यात आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग जाताना हजारो लोकांनी पाहिली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं. उल्का, विमान, हल्ला, सगळ्या चर्चा एकदम सुरू झाल्या. उत्तराची किल्ली मात्र लोकांच्या मोबाईलमधल्या चित्रफितींतच होती, कारण त्यात वेळ, दिशा आणि कालावधी आपोआप टिपला गेला होता. साधी उल्का एक-दोन सेकंदांत संपते. पृथ्वीवर परत कोसळणारे रॉकेटचे अवशेष रांगेने अनेक सेकंद जळत जातात. सूर्यप्रकाशाने चमकणारा उपग्रह काही मिनिटांत आकाश पार करतो, ग्रहाला तास लागतात. विदर्भावरून गेलेले अवशेष चिनी रॉकेटचे असल्याचं तज्ज्ञांनी त्याच्या कक्षेवरून जुळवलं. ‘किती वेळ दिसलं’ हा एक रकाना भरला असेल तर निम्म्या शक्यता तिथल्या तिथे गळतात.

नोंदवणाऱ्याची प्रतिष्ठा

मग करायचं काय, हे लडाखच्या तपासानेच सांगून ठेवलं आहे, आणि त्याचा खर्च फार नाही. प्रत्येक सीमा चौकीत त्या त्या महिन्यात कोणते ठळक ग्रह-तारे कोणत्या वेळी आणि कोणत्या दिशेला उगवतात-मावळतात याचा एक कागद हवा. नोंदवहीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, होकायंत्रावरची दिशा, क्षितिजापासूनची उंची (हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश), शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भातली जागा आणि हवामान एवढे रकाने हवेत. शेजारच्या चौकीनेही त्याच मिनिटाला दिशा घ्यावी. पाच किलोमीटर अंतरावरच्या दोन चौक्यांना वीस किलोमीटरवरचं ड्रोन सुमारे चौदा अंश वेगळ्या दिशेला दिसू शकतं, गुरू मात्र दोघांनाही एकाच दिशेला दिसतो. एवढ्या एका चाचणीने पांगोंगचं कोडं पहिल्या आठवड्यात सुटलं असतं. आणि न सुटलेली नोंद वर जाताना वाटेत हानलेसारख्या वेधशाळेच्या टेबलावरून जावी, तीही सहा महिन्यांनी नाही, दुसऱ्या दिवशी.

यासाठी सैन्याला गुप्तता सोडावी लागेल, असं कुणी म्हणेल. तशी गरज नाही. चौकीची नेमकी जागा आणि तिची साधनं न सांगताही दिशा, वेळ आणि उंची कळवता येते. मँटेलच्या बाबतीत झालं ते याच्या उलट होतं: फुगे सोडणारे आणि फुग्याचा तपास करणारे एकाच सरकारचे असूनही एकमेकांपासून तुटलेले होते.

पण कागद आणि रकाने यांच्याहून कठीण गोष्ट एक आहे, ती म्हणजे नोंद करणाऱ्याची प्रतिष्ठा राखणं. ज्या जवानाच्या अहवालावर देश हसला त्याच्या शेजारचा जवान पुढच्या वेळी लिहिण्याआधी दोनदा विचार करेल, आणि नेमकं त्या रात्री डोंगरामागून खरंच काहीतरी आलं असेल. लडाखच्या त्या पहारेकऱ्यांनी वेळ बरोबर लिहिली, दिशा बरोबर लिहिली, कालावधी बरोबर लिहिला. इतक्या बरोबर, की त्या नोंदी आज त्या वर्षीच्या आकाशाशी ताडून पाहता येतात आणि जुळतात. चूक झाली ती त्या नोंदींना नाव देताना, आणि ती त्यांच्या नजरेची नव्हती. आकाश वाचणारं माणूस आणि सीमा राखणारं माणूस यांची गाठ उशिरा घालून देणाऱ्या व्यवस्थेची होती. ती गाठ कायमची बांधणं आपल्या हातात आहे, आणि ती बांधली तर पुढचा अहवाल हसण्यावारी जाणार नाही, कामी येईल.